थोरलीचं नाक

"मावशी, हा जरा बघता का? पलीकडच्या टोकाला घेतलाय. बायकोनं बजावलंय, थोरलीला दाखवल्याशिवाय घरी आणायचा नाही."

माणसाने कागद उलगडून मासा पुढे धरला. रविवार होता, साडेनऊ वाजले होते आणि थोरलीच्या ओट्यासमोर तिघंजण नंबर धरून उभे होते. पण कुणी कुरकुर केली नाही. दुसऱ्याच्या ओट्यावरचा मासा थोरलीला दाखवून मग घरी न्यायचा, हे त्या बाजारात कुणाला नवीन नव्हतं.

थोरलीने सुरी खाली ठेवली. कल्ला उचलून पाहिला, आत लालभडक होता. पोटावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि लगेच भरून आला. डोळे फुगीर, स्वच्छ. मासा ताजा होता. तिने तो परत द्यायला हात पुढे केला, तर माणूस घेईना. तो वाट बघत होता. कशाची, ते तिच्या लक्षात आलं. तिने मासा नाकाशी नेला, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि मान हलवली.

"जा. आजचाच आहे."

माणूस खूश होऊन गेला. त्या लांब श्वासात थोरलीला काहीही आलं नव्हतं. मासा नाही, बर्फ नाही, छपराच्या मागे पसरलेला अख्खा समुद्रही नाही. कोऱ्या भिंतीला नाक लावावं तसं.

दोन महिने हे असंच चाललं होतं. आधी ताप आला, आठवडाभर अंगात राहिला आणि जाताना नाक घेऊन गेला. तिला ते कळलं एका सकाळी. स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती आणि हाताच्या अंतरावर दूध करपून भांडं काळं झालं, तरी हिला पत्ता नाही. सून धावत आली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "आई, लक्ष कुठंय तुमचं?" थोरली म्हणाली, "डोळा लागला जरा." पहिलं खोटं ते. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. "येईल परत," ते म्हणाले. "कुणाला सहा महिन्यांत येतं, कुणाला वर्ष लागतं. कुणाला नाहीही येत." हे ती घरात बोलली नाही. बाजारात तर नाहीच नाही.

बोलणार कुठल्या तोंडाने? एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती सासूच्या मागोमाग बाजारात आली, तेव्हा तिला सुरी धड धरता येत नव्हती आणि गिऱ्हाइकाशी बोलताना घाम फुटत होता. पण बर्फाखाली दाबलेल्या चार पेट्यांमधली कालची पेटी ती झाकण न उघडता दाखवायची. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझी सून बघते नाकानं. डोळ्यांनी नुसती लाजते." त्याला आता बत्तीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात बाजाराचं छप्पर दोनदा बदललं, लाकडी ओटे जाऊन फरशीचे आले, शहरातून गाड्या घेऊन येणारी रविवारची गर्दी दुप्पट झाली. थोरलीचा शब्द तेवढा होता तसा राहिला. ती चांगला म्हणाली की चांगला.

तिच्या समोरच्या ओट्यावर तिची धाकटी जाऊ बसायची. बाजार दोघींना थोरली आणि धाकटी असंच ओळखायचा. त्यांची खरी नावं त्यांच्या नवऱ्यांनाही आठवून सांगावी लागली असती. सासूने जाण्याआधी कोपऱ्यावरचा, दोन वाटांवर तोंड असलेला ओटा थोरलीला दिला आणि आतला धाकटीला. धाकटी तेव्हा एवढंच म्हणाली होती, "बरोबरच आहे. मला कुठंय नाक." त्या दिवसापासून सहा वर्षं दोघी समोरासमोर बसत होत्या आणि बोलणं चालायचं ते बर्फ आला का, नळाला पाणी आहे का, एवढ्यापुरतं.

नाकावाचून दोन महिने थोरलीने कसे काढले, हे तिचं तिलाच ठाऊक. मासा डोळ्यांनी आणि बोटांनी कळतो. खेकडा जिवंत आहे की मेला, हे कळायलाही नाक लागत नाही. शिंपल्याला टिचकी मारली की जिवंत असेल तर मिटतं. अडचण एकच: सोललेले शिंपले. कवचातून काढून पिशवीत भरलेला तो मऊ गर पहाटेचा असो की कालचा, दिसतो सारखाच. तिथे फक्त वास कामाला येतो. म्हणून थोरलीने दोन महिने सोललेले शिंपले ओट्यावर ठेवलेच नव्हते. कुणी विचारलं की म्हणायची, "सध्या माल बरा येत नाही."

त्या रविवारी मास्तर आले.

मास्तर दहा वर्षांचं गिऱ्हाईक. शाळेतून कधीच निवृत्त झालेले, उजव्या कानाने अजिबात न ऐकणारे, दर रविवारी तीच कापडी पिशवी घेऊन येणारे. टेकडीखालच्या दवाखान्याच्या वर ते राहतात, बायको चहात साखर घेत नाही, मुलगी लांब दिलेली आहे, हे सगळं थोरलीला माहीत होतं. नाव तेवढं कधी विचारलं नव्हतं. मधले बरेच रविवार ते दिसले नव्हते. त्यांच्या बायकोचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं.

"सोललेले शिंपले पाहिजेत आज," मास्तर म्हणाले. "घरी आणल्यापासून दोन घास पोटात जात नाहीत तिच्या. औषधांनी तोंडाची चव गेलीय, सगळं मातीसारखं लागतं म्हणते. आणि आज सकाळी आपण होऊन म्हणाली, शिंपले खावेसे वाटतायत."

"माझ्याकडे नाहीत हो मास्तर," थोरली त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाली.

"मग दुसऱ्या कुणाकडून घेतो. तुम्ही फक्त वास घेऊन सांगा."

नेमका त्याच वेळी शिंपलेवाला म्हातारा डोक्यावर पाटी घेऊन आतल्या वाटेने आला. खाडीकाठी बसून शिंपले सोलायचा आणि बाजारात आणून द्यायचा, हा त्याचा जन्माचा धंदा. "पहाटे काढलेत, थोरले," तो म्हणाला आणि पाटी ओट्याच्या कडेला टेकवली. "दोन महिने घेतले नाहीस. आज तरी घे."

थोरलीला नाही म्हणता आलं असतं. नंतर तिने हा क्षण पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला. सबबी दहा होत्या, त्यातली एकही तिला त्या वेळी सुचली नाही. मास्तर तिच्याकडे बघत होते. मागची माणसंही बघत होती. म्हाताऱ्याने वीस वर्षांत तिला फसवलं नव्हतं. गर पांढरा होता, चकचकीत होता, बोटात धरल्यावर घट्ट लागत होता. तिने मूठभर उचलून नाकाशी धरला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"न्या मास्तर. चांगले आहेत."

मास्तरांनी पिशवी छातीशी धरली आणि गर्दीतून वाट काढत गेले. मागे उभी असलेली शिंपीण म्हणाली, "अगंबाई, मिळायला लागले का? मलाही दे." लाल स्कूटरवर येणारं एक तरुण जोडपं होतं, त्यांनीही घेतले. पाच मिनिटांत पाटीत तळाला थोडेसे उरले. म्हातारा तिच्याकडे न बघताच निघून गेला, हे तिला तेव्हा जाणवलं नाही.

थोड्या वेळाने धाकटी आपला ओटा सोडून इकडे आली. रविवारी दहा वाजता ओटा सोडून कुणी येत नाही.

"जाऊबाई, जरा खाली या."

"गिऱ्हाईक आहे समोर."

"असू दे. या."

दोघी ओट्यामागे, रिकाम्या पेट्यांच्या आडोशाला उभ्या राहिल्या. धाकटी हळू आवाजात म्हणाली, "शिंपले कुणाकुणाला दिलेत?"

"का?"

"म्हातारा आधी माझ्याकडे आला होता. मी पाटीत हात घातला आणि त्याला परत पाठवला. वर मूठभर पहाटेचे आहेत, खाली सगळे कालचे. बर्फसुद्धा नव्हता त्यांना."

"तू मला माल शिकवणार?" थोरलीचा आवाज चढला. "सासूबाईंच्या हाताखाली तू किती दिवस बसलीस?"

धाकटी ओट्याकडे वळली. ओट्यावरची पाटी उचलून आणली, तळातले शिंपले ओंजळीत घेतले आणि थोरलीच्या नाकासमोर धरले.

"घ्या वास."

थोरलीने घेतला. पुन्हा घेतला. धाकटीच्या बोटांमधून पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. पलीकडे कुणीतरी खेकड्यांवरून घासाघीस करत होतं. थोरलीने मान वर केली.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "काहीच येत नाही."

आपल्या जावेच्या तोंडावर आता आनंद दिसेल, असं तिला वाटलं होतं. तो दिसला नाही. धाकटीने शिंपले बादलीत टाकले आणि हात पुसत खाली बघत म्हणाली, "मला वाटलंच. तुम्ही नाकाशी धरलं आणि मान हलवली, तेव्हाच वाटलं. आणि वाटल्यावरही मी पंधरा मिनिटं तिथं बसून राहिले. समोर गिऱ्हाईक नव्हतं, तरी बसून राहिले. म्हटलं, बघू या आता थोरलीचं काय होतं ते."

सहा वर्षांत धाकटी एका दमात एवढं बोलली नव्हती. थोरलीला तिचा राग यायला हवा होता. पण तेवढा वेळच नव्हता.

"तिघांना दिलेत," ती म्हणाली. "शिंपीण, लाल स्कूटरवाली दोघं आणि मास्तर."

"मास्तरांची बायको तर आजारी आहे ना?"

"तिच्यासाठीच नेलेत."

दोघी दोन वाटांनी निघाल्या. रविवारची गर्दी म्हणजे मुंगीला शिरायला जागा नाही. पिशव्या, छत्र्या, कडेवरची पोरं, ओल्या फरशीवरून घसरत चालणारी माणसं. थोरली वाहनतळापर्यंत गेली. लाल स्कूटर एक नाही, चार होत्या. बसथांब्यावर मास्तर नव्हते. नुकतीच एक बस सुटून गेली होती. ती तशीच मागे वळली आणि बाजाराच्या कार्यालयात शिरली. तिथे एक कारकून मायक्रोफोनपुढे बसून, वाट अडवणाऱ्या गाड्यांचे नंबर पुकारत असायचा.

तिने सांगितलं ते ऐकून कारकुनाने मायक्रोफोनचं बटण बंद केलं.

"मावशी, भलतंच काय. 'काही माल परत मागवला आहे,' असं मोघम सांगतो. तुमचं नाव कशाला?"

"मोघम सांगून कुणाला कळणार? माझ्या ओट्याचं नाव घ्या."

"निरीक्षकांच्या कानावर गेलं तर ओटा जाईल तुमचा."

"घ्या नाव."

त्याने घेतलं. कोपऱ्यावरच्या थोरल्या मावशींच्या ओट्यावरून ज्यांनी सोललेले शिंपले घेतले असतील, त्यांनी ते खाऊ नयेत, ताबडतोब परत आणावेत. दोनदा सांगितलं. थोरली दारात उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली, सात झाली. कुणी आलं नाही.

आली ती धाकटी, शिंपिणीला दंडाला धरून. शिंपिणीच्या एका हातात कांद्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात शिंपल्यांची.

"मी ऐकलं की," शिंपीण म्हणाली. "पण थोरलीचा माल आणि खराब? म्हटलं, कुणाच्या तरी पोटात दुखतंय, म्हणून उठवलंय." बोलता बोलता तिने धाकटीकडे तिरपं पाहिलं. "तिथं कांदेवाल्याकडे सगळी हेच बोलत होती. हसत होती लोकं."

 बत्तीस वर्षं कमावलेला शब्द आता थोरलीच्याच आड आला होता. ती खराब म्हणतेय यावरही लोक विश्वास ठेवत नव्हते, कारण ती थोरली होती.

ती आत गेली आणि कारकुनाला म्हणाली, "उठ जरा बाळा. कुठं दाबायचं ते दाखव."

मायक्रोफोन आधी किंचाळला. मग तिचा आवाज छपराच्या चारही कोपऱ्यांतून बाहेर पडला आणि तो ऐकून ती स्वतःच दचकली.

"मी कोपऱ्यावरची थोरली बोलतेय. मघाशी सांगितलं ते खरं आहे, कुणी उठवलेलं नाही. माझ्याकडचे शिंपले खराब आहेत." ती थांबली. पुढचं वाक्य तोंडातून निघेना. दारात धाकटी उभी होती, ती मदतीला आली नाही आणि हललीही नाही. "मला वास येत नाही," थोरली म्हणाली. "दोन महिने झाले, आजारपणात गेला. मी वास घेतल्यासारखं करत होते. लाल स्कूटरवरचे कोण आहेत, त्यांनी शिंपले खाऊ नका. मास्तर, तुम्ही असाल तर तुम्हीही थांबा. चूक माझी आहे. शिंपलेवाल्याची असेल ती असेल, पण चांगले आहेत असं मी म्हणाले होते."

तिने बटण दाबलं. बाहेर रविवारच्या बाजारात जो आवाज कधी थांबत नाही, तो सुऱ्यांचा आवाज थांबला होता. क्षणभरच; मग एक सुरी चालली, दुसरी चालली आणि बाजार पुन्हा सुरू झाला.

स्कूटरवरची दोघं दहा मिनिटांत आली. समुद्रावर फिरायला थांबली होती म्हणून सापडली. मुलीने पिशवी टेबलावर ठेवली आणि थोरलीकडे न बघता हात धुवायला गेली. मुलगा काहीतरी बोलणार होता, पण थोरलीच्या चेहऱ्याकडे बघून तोही मुलीच्या मागे गेला.

मास्तर आले नाहीत.

"घर माहीत आहे?" धाकटीने विचारलं.

"दवाखान्याच्या वर. तिसरा मजला."

"जा. मी दोन्ही ओटे बघते."

रिक्षात थोरली पुढच्या दांडीला धरून बसली. टेकडीखाली दवाखाने दोन निघाले. पहिल्याच्या वर शिकवणीवर्ग होते. दुसऱ्यापर्यंत पोचायला आणखी दहा मिनिटं गेली. तो रविवार म्हणून बंद होता. शेजारचा जिना अरुंद, काळोखा. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं होती, दोन्हींवर पाट्या होत्या, आणि थोरलीला नाव माहीत नव्हतं. दहा वर्षं ज्यांच्या ताटात तिच्या हातचा मासा जात होता, त्यांचं दार तिला ओळखता येईना. ती एका दाराशी वाकली आणि सवयीने फटीला नाक लावलं. आत काही शिजत असेल तर कळेल. मग आपण काय करतोय ते तिला उमगलं आणि तिने दोन्ही दारांच्या घंटा एकदम दाबल्या.

डावीकडचं उघडलं. मास्तर होते.

"अरे, मावशी तुम्ही? काही विसरलो का मी ओट्यावर?"

"शिंपले शिजवलेत?"

"काय?"

ती त्यांना बाजूला सारून आत गेली. खोली छोटी होती. खिडकीशी एक टेबल, त्यावर औषधांची पुडकी, पाण्याचा तांब्या. मास्तरीणबाई शाल लपेटून खुर्चीत बसल्या होत्या. समोर वाटी होती आणि चमचा हातात होता.

"खाऊ नका," थोरली म्हणाली. "ठेवा ते. खराब आहेत."

मास्तरीणबाईंनी चमचा ठेवला. चेहरा हळदीसारखा पिवळा होता, आवाज बारीक. "मी म्हणत होते ह्यांना," त्या म्हणाल्या. "तोंडाजवळ नेलं तेव्हाच वास आला. तर हे म्हणाले, थोरलीकडचे आहेत, तिनं स्वतः वास घेऊन दिलेत, तुझंच नाक बिघडलंय औषधांनी. म्हटलं, असेल."

"किती खाल्लेत?"

"चार घास. ह्यांनी एवढं रांधलं म्हणून."

मास्तर वाटीकडे बघत उभे होते. त्यांना अर्धंच ऐकू आलं असावं, पण तेवढं पुरलं. "मी आग्रह केला तिला," ते म्हणाले. "ती नको म्हणत होती."

मग थोरलीने त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. ताप, दूध, दोन महिने, म्हातारा, मान हलवणं. मोठ्याने सांगावं लागलं. जिन्यातसुद्धा ऐकू गेलं असेल. मास्तर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही मला नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं, मावशी."

"हो," थोरली म्हणाली. "म्हणता आलं नाही."

खालच्या दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचा नंबर होता, तो मास्तर उतरून लिहून घेऊन आले. फोन थोरलीने लावला. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजा. उलट्या होऊन थांबल्या नाहीत किंवा ग्लानी आली, तर तडक मोठ्या इस्पितळात न्या, ऑपरेशन झालेलं पोट आहे, वेळ काढू नका. थोरलीने खाली थांबवलेल्या रिक्षावाल्याला सांगितलं, कुठं जाऊ नकोस.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. बत्तीस वर्षांत रविवारी दुपारी थोरली अशी रिकाम्या हाताने कधी बसली नव्हती. मास्तर एका खुर्चीत, ती जमिनीवर, मास्तरीणबाई पलंगावर. भिंतीवर मुलीचा पदवीचा फोटो.  मास्तरीणबाईंनी कूस बदलली की दोघं एकदम वर बघत.

एकच्या सुमारास पहिली उलटी झाली. थोरलीने त्यांना मागून धरलं, कपाळाला हात लावला, पोटावरच्या टाक्यांवर उशी दाबून धरली. बाळंतपणं नि आजारपणं तिने पुष्कळ काढली होती. हात आपोआप चालत होते. दुसरी उलटी अर्ध्या तासाने झाली, त्यापाठोपाठ तिसरी. मास्तर जिन्यापर्यंत जायचे, रिक्षा आहे का बघायचे आणि परत यायचे.

"नेऊ या का?" त्यांनी विचारलं. "मावशी, सांगा ना, नेऊ या का?"

इतक्या सगळ्यानंतरही ते तिलाच विचारत होते. थोरलीने मास्तरीणबाईंचे डोळे पाहिले, जिभेला ओल आहे का पाहिलं, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली. "डॉक्टरांना परत विचारू," ती म्हणाली. "माझ्यावर नका सोडू."

डॉक्टर म्हणाले, अजून एक तास बघा.

तो तास फार लांबला. चमच्या-चमच्याने पाणी पाजताना मास्तरीणबाईंनी मध्येच डोळे उघडले आणि विचारलं, "खरंच काही येत नाही तुम्हाला?"

"काही नाही."

"मला सगळं मातीसारखं लागतं."

"माती तरी लागते तुम्हाला," थोरली म्हणाली. "मला तीही नाही."

मास्तरीणबाईंच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. "मग जेवता कशा?"

"आठवणीवर."

मास्तरीणबाईंनी आणखी एक चमचा पाणी घेतलं. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "म्हणजे मला वास आला तो बरोबरच होता."

"बरोबर होता. तुमचं नाक शाबूत आहे."

"हं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

चौथी उलटी झाली नाही. साडेतीनला त्यांनी अर्धा पेला पाणी पोटात ठेवलं, चारला त्यांना झोप लागली. श्वास संथ चालला होता. मास्तर पलंगाच्या कडेला बसले, बायकोचा पाय हातात धरून. रिक्षावाल्याला थोरलीने जायला सांगितलं.

ती जिन्यात उभी असताना धाकटीचा फोन आला.

"कशा आहेत त्या?"

"झोपल्यात. निभावलं बहुतेक."

पलीकडे धाकटीने श्वास सोडलेला ऐकू आला. "निरीक्षक आले होते. तुमचा ओटा बंद ठेवायला सांगितलाय, चौकशी होईपर्यंत. म्हाताऱ्यालाही बोलावलंय उद्या. मी म्हटलं, तिनं स्वतः सांगितलं, हे आधी लिहा. लिहिलंय त्यांनी."

"बरं."

"लोकं काहीबाही बोलतायत."

"बोलणारच."

 "तुमचा मासा मी विकला," धाकटी म्हणाली. "राहिलेला घरी पाठवू का?"

"ठेव तूच," थोरली म्हणाली. मग तिला वाटलं, एवढ्यावर फोन ठेवू नये. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेव आधी."

ती आत आली तेव्हा मास्तर तसेच बसले होते. तिने स्वयंपाकघरात पाहिलं. ज्यात शिंपले रांधले होते ते पातेलं शेगडीवर तसंच होतं, वाट्या, डाव, चमचे पडून होते. आजारी माणूस उठेल, तेव्हा हे समोर नको. तिने उरलेलं सगळं एका पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवलं, खिडकी उघडली, साबण शोधला आणि पातेलं घासायला घेतलं. आतून घासलं, बाहेरून घासलं, कडेच्या वळीत बोट घालून घासलं. ओटा पुसला, शेगडी पुसली. पातेलं उजेडात धरलं. त्यात तिचा चेहरा दिसत होता.

तिने ते नाकाजवळ नेलं नाही. दारात जाऊन हलक्या हाताने मास्तरांच्या खांद्याला स्पर्श केला. ते उठून आले.

"वास गेला का बघा," ती म्हणाली.

मास्तरांनी पातेलं दोन्ही हातांत घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून वास घेतला. घाई न करता, नीट. मग तिच्याकडे बघितलं.

"थोडा आहे अजून," ते म्हणाले.

थोरलीने पातेलं त्यांच्या हातून घेतलं, पदर खोचला आणि पुन्हा नळ सोडला.